पाचशेच्या नोटेत चारशे छत्तीसचा माल

12 नोव्हेंबर 2016, शनिवार. सोमवारी त्रिपुरी पौर्णिमा, त्याआधी तुळशीचं लग्न उरकायचं होतं. घरात साखर संपलेली आणि पाकिटात पाचशेची एकच नोट, तीही मंगळवारी रात्री बाद झालेली. मालवणात बँकेपुढची रांग रस्त्यावर आली होती. बाजारातल्या एका किराणा दुकानात मात्र जुन्या नोटा घेत होते. दुकानदार म्हणाला, "वयनी, नोट चलतली. पण सामान पाचशेचाच घेवक व्हया, सुटे नाय आसत." मला तो देवमाणूस वाटला.

तेलाच्या दोन पिशव्या, दोन किलो साखर, किलोभर तूरडाळ, चहाचा पुडा. सिगरेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर त्याने भराभर आकडे मांडले आणि खाली 500 लिहून दोन रेघा ओढल्या. इतकी सुबक बेरीज येते कशी, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

घरी सासूबाईंनी पुठ्ठा मागून घेतला. तेलाच्या पिशवीवर छापील 98, लावलेले 110. साखर 40 ची 46. डाळ आमच्या वहीत मागच्या महिन्यात 125, इथे 150. चहाच्या 35 च्या पुड्यावरसुद्धा 3 रुपये चढवलेले. एकूण 64. "जुन्या रुपयात पैसे तेवढेच आसायचे," त्या म्हणाल्या, "तुजो आख्खो रुपयो खाल्ल्यान."

त्या नव्या सून असताना, 1 एप्रिल 1957 ला, नवे पैसे आले. 16 आण्यांच्या रुपयाचे 100 नवे पैसे, म्हणजे आण्याला सव्वासहा. सरकारी कोष्टकात एका आण्याचे 6, दोनचे 12, तीनचे 19, चारचे 25. वाडीतला दुकानदार मात्र आण्याच्या जिनसेला सरसकट 7 घ्यायचा. चार दिवसांत चार फेऱ्या झाल्या की 28. सासूबाईंनी आण्याआण्याचं आणणंच बंद केलं. चार आण्यांचं एकदम घ्यायच्या, कारण पावलीचे 25 हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी नेमकी तिथेच फसले. पाचशेचे चारशे देतो असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर भांडले असते. याने नोट पूर्ण पाचशेला घेतली, कापलं ते भावात. आणि नोट मी आधीच दाखवून बसले होते.

मंगळवारी परत गेले. "बिल खंय आसा?" त्याने विचारलं. पुठ्ठ्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वैधमापन कायद्यात बसत नाही. पक्कं बिल असतं तर तेल-चहाच्या 27 रुपयांसाठी तरी तक्रार करता आली असती. सुट्या साखर-डाळीवर कुठली आलीय छापील किंमत! ते 37 रुपये त्याने अगदी निर्धास्त घेतले.

खरी चुटपुट वेगळीच. त्या दिवसांत डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की औषधाच्या दुकानात जुनी नोट चालत होती. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी त्याच पाकिटात, नोटेला चिकटून होती. खात्यात भरायलाही 30 डिसेंबरपर्यंत मुदत होती. साखर शेजारून वाटीभर आणून भागलं असतं, पण नोट म्हणजे हातात धरलेला निखारा वाटत होता, आणि हे त्या दुकानदाराला माझ्याआधी कळलं होतं.

19 मे 2023 ला दोन हजारांची नोट मागे घेतल्याचं जाहीर झालं. बँकेत बदलून मिळत होती, कायदेशीर चलन म्हणूनही कायम होती, तरी बाजारात पुन्हा तीच कुजबुज. माझ्याकडे एक होती. दुसऱ्या एका दुकानात सगळं सामान काढायला लावलं, पक्कं बिल करून घेतलं, पिशवीत भरलं आणि मग नोट बाहेर काढली.

"वयनी, आधी सांगूचा नाय?" तो म्हणाला.