व्हॅलेन्सियाच्या बाजारात १५० युरोंची करडई

स्पेनच्या किनाऱ्यावरील शहरांत जाणाऱ्या प्रत्येकाला खिसेकापूंपासून जपायला सांगितले जाते, आणि आम्ही जपलो. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या पिशवीत होता, रोख रक्कम दोघांत विभागलेली होती आणि पत्नीने पर्स पोटाशी धरलेली होती. आमच्या खिशाला कोणी हातही लावला नाही. तरीही व्हॅलेन्सियात माझे १६,०६३ रुपये ३४ पैसे गेले, आणि ते मी कार्डाचा पिन माझ्याच बोटांनी दाबून एका हसतमुख गृहस्थाच्या स्वाधीन केले. बदल्यात केशर म्हणून रंगवलेल्या करडईच्या पाकळ्या मिळाल्या. मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. आमच्या रानात ज्वारीच्या कडेने करडई असे, तिचे काटे पायात मोडून घेत मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे रकमेपेक्षा हा तपशील जास्त झोंबतो आणि घरातील मंडळी तोच पुन्हा पुन्हा काढतात.

मुलगी तेथील विद्यापीठात शिकते. ती वर्गात असेल तेव्हा बाजार हिंडायचे, असा आमचा क्रम होता. जुन्या शहरातील, १९२८ साली सुरू झालेला मध्यवर्ती बाजार खरोखर पाहण्यासारखा आहे: लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांची इमारत, घुमटावर वाऱ्याबरोबर फिरणारा पोपट, खाली मासळी, ऑलिव्ह, वाळलेल्या मिरच्यांच्या माळा, आणि समोर रेशमाच्या व्यापाराची पंधराव्या शतकातील दगडी पेठ. हा बाजार रविवारी बंद असतो आणि एरवीही दुपारी तीनला उठतो. तेथे केशर सीलबंद डब्यांतून, ग्रॅमच्या भावाने विकले जाते. ला मांचा या प्रदेशातील केशराला युरोपीय संघाच्या भौगोलिक मानांकनाचे संरक्षण असल्यामुळे त्याच्या डबीवर क्रमांकाची पट्टी असते. आम्ही पाहिलेली एका ग्रॅमची डबी आठ युरोंना होती. सहा घरी दिवाळीची भेट द्यायची होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि पुढे निघालो.

आता यात आमचे काय चुकले ते वाचकांनीच सांगावे. मध्यवर्ती बाजारात दोन युरो किलोने घेतलेली संत्री समुद्राकडच्या एका वस्तीतील आठवडी बाजारात एका युरोला मिळाली होती. पर्यटकांच्या बाजारात भाव चढा आणि गावकऱ्यांच्या बाजारात उतरता, हा अनुभव पुण्यापासून पंढरपूरपर्यंत सर्वांना आहे. संत्र्यांना लागू होणारा हिशेब केशरालाही लागू होईल, असे मानणारा मी पहिला नव्हे आणि शेवटचाही नसेन; म्हणूनच हे लिहीत आहे.

त्या आठवडी बाजारात कपडे, चपला आणि भाजीपाला यांच्या रांगा जेथे संपत होत्या, त्या वळणावर घडीच्या टेबलावर मसाले मांडून एक मध्यमवयीन गृहस्थ उभा होता. परवान्याचा कागद कोठेही लावलेला नव्हता. स्पेनमध्ये फिरत्या विक्रेत्याला नगरपालिकेची परवानगी लागते आणि ती गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेवावी लागते. हे मला नंतर समजले. तुम्ही माल पाहण्याआधी तो कागद पाहा.

या माणसाने आम्हाला एकदाही घाई केली नाही, उलट विश्वास बसेल अशा गोष्टी एकामागून एक केल्या. तिखटाच्या एका डबीचे पैसे देताना माझ्याकडून एक नाणे जास्त गेले होते, ते त्याने हाक मारून परत केले. पत्नीच्या पर्सची चेन थोडी उघडी होती, तिच्याकडे बोट दाखवून ‘येथे चोर फार, मॅडम,’ असे इंग्रजीत बजावले. मग त्याने काचेच्या बरणीतून चार काड्या काढून कोमट पाण्याच्या पेल्यात सोडल्या आणि खोटे केशर कसे ओळखावे, याचा पाठच आम्हाला दिला: खरे केशर रंग सावकाश सोडते, पाणी सोनेरी पिवळे होते, काडी लालच राहते, आणि तिचे एक टोक तुतारीसारखे फुललेले असते. सगळे शब्दशः खरे होते. बरणीतले केशरही खरे होते. दहा ग्रॅमच्या पाकिटाला त्याने ४० युरो सांगितले, मी घासाघीस करून २५ वर आणले, आणि सहा पाकिटांचे १५० युरो ठरले. घासाघीस जिंकल्याच्या आनंदात माणूस वस्तूकडे कमी पाहतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

ज्या क्षणावर मन अजून अडकून आहे, तो यानंतरचा. ठरलेला माल बरणीतून काढण्याऐवजी त्याने बरणीचे झाकण लावले, तो खाली वाकला आणि टेबलाखालच्या खोक्यातून सोनेरी कागदाची सहा पाकिटे काढली. बरणीतले का नाही, असे मी विचारले. दमट हवेने ते खराब होईल, पाकिटे कारखान्यातून बंद होऊन आली आहेत, असे त्याने उत्तर दिले. समुद्र हाकेच्या अंतरावर होता. उत्तर पटण्यासारखेच होते. एका पाकिटाचा कोपरा नीट चिकटलेला नव्हता आणि त्यातून एक काडी टेबलावर पडली. ती मी उचलली. ती चपटी होती, नारिंगी होती, दोन्ही टोके सारखीच बारीक होती, आणि दोन मिनिटांपूर्वी ज्या तुतारीबद्दल ऐकले ती तेथे नव्हती. करडईची वाळलेली पाकळी मी आयुष्यात किती वेळा पाहिली असेल! पण व्हॅलेन्सियाच्या बाजारात सोनेरी पाकिटातून करडई निघेल, ही कल्पना डोक्यात यायला कारणच नव्हते. शिवाय त्याच वेळी मागे येऊन उभ्या राहिलेल्या दोन स्त्रिया स्पॅनिशमध्ये आवाज चढवून आपली पाळी मागू लागल्या. त्या त्याच्याच असाव्यात, असे मला आता वाटते. मी काडी झटकली आणि कार्ड काढले.

कार्डाच्या यंत्रावर युरो की रुपये, असा प्रश्न आला होता. त्याने ‘रुपी, गुड फॉर यू’ म्हणत स्वतःच बटण दाबून यंत्र माझ्यापुढे धरले. त्या दिवशी युरोचा भाव ९८ रुपये धरला तर १५० युरोंचे १४,७०० रुपये व्हायला हवे होते. पावतीवर १५,८७६ रुपये होते. म्हणजे १,१७६ रुपये केवळ चलन बदलण्याच्या नावाखाली गेले, आणि परदेशात रुपयांत व्यवहार केल्याबद्दल माझ्या बँकेने एक टक्का शुल्क व त्यावरचा जीएसटी मिळून आणखी १८७ रुपये ३४ पैसे कापले. परदेशात कोणत्याही यंत्रावर रुपये हा पर्याय स्वीकारू नका, नेहमी स्थानिक चलनच निवडा, आणि बटण तुम्हीच दाबा.

संध्याकाळी मुलीच्या खोलीवर पत्नीने खिरीच्या दुधात चिमूटभर ‘केशर’ टाकले. दूध क्षणात लालसर नारिंगी झाले आणि काड्या पांढुरक्या पडल्या. वास काहीच नव्हता. चव घेतली तर वाळल्या गवताची. मुलगी एवढेच म्हणाली, ‘बाबा, मला एक फोन तरी करायचा होता.’ नंतर हिशेब केला. एका फुलात केशराच्या तीनच काड्या असतात आणि एका ग्रॅमला साधारण दीडशे फुले लागतात. म्हणजे साठ ग्रॅमसाठी नऊ हजार फुले हाताने खुडावी लागली असती, आणि मध्यवर्ती बाजाराच्या भावाने त्याचे ४८० युरो झाले असते. हा हिशेब तुम्ही टेबलापाशी करा. शिवाय ते साठ ग्रॅमही नव्हते: परत आल्यावर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एक पाकीट कागदासकट सात ग्रॅम दोनशे मिलिग्रॅम भरले.

इथपर्यंतची फसवणूक एका भामट्याने केली. यानंतर जे सोसावे लागले ते पगारी माणसांनी सोसायला लावले, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. दुसऱ्या दिवशी बाजार नव्हताच, म्हणून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर बसल्यावर एका अधिकाऱ्याने पाकीट न उघडताच विचारले की कोणी धमकावले का, काही हिसकावले का. नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. ४०० युरोंपर्यंतची फसवणूक तेथील कायद्याने किरकोळ गुन्हा ठरते आणि शिक्षा केवळ दंडाची, हे त्याने अशा स्वरात सांगितले की जणू रक्कम कमी असण्याचा दोष माझा होता. मग पावती मागितली. कार्डाच्या चिठ्ठीवर विक्रेत्याचे जे नाव होते, ते भलत्याच धंद्याचे होते. मी ते पुन्हा पुन्हा दाखवले आणि त्याने ते उतरवूनही घेतले नाही. मालाच्या दर्जाची तक्रार असेल तर ग्राहक कार्यालयात जा, असे सांगून आम्हाला वाटेला लावले. मुलीने तेथेच हट्ट धरला म्हणून लेखी तक्रार तरी नोंदली गेली. तिची शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. पुढे प्रत्येक जण तीच मागतो.

ग्राहक कार्यालयात आधी वेळ घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि मिळालेली वेळ आमच्या विमानानंतरची होती. मुलगी एकटी गेली. तिला सांगण्यात आले की विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि करक्रमांक दिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. पत्ता देऊन फसवणारा भामटा या लोकांनी कोठे पाहिला आहे, कोण जाणे. फुटपाथ पालिकेचा, परवाने पालिकेचे, आणि त्या वळणावर दर आठवड्याला कोण उभे राहते हे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतो. स्पेनमधील अधिकृत व्यावसायिकाकडे छापील तक्रारपत्रके ठेवलेली असावी लागतात, ‘ओहा दे रेक्लामासिओनेस’ म्हणून ती मागायची. पैसे देण्यापूर्वीच पत्रक आहे का, असे विचारून पाहा. ज्याच्याकडे नसेल त्याच्याकडून मिठाचीही पुडी घेऊ नका.

मायदेशातील बँकेने तर कडी केली. मी त्याच रात्री तक्रार नोंदवली होती, कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक नसलेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही, हे मला माहीत होते. बँकेने तेच परिपत्रक माझ्या तोंडावर फेकले: पिन तुम्ही दिला, म्हणून व्यवहार अधिकृत. वस्तू बनावट निघाल्याच्या आधारे पैसे परत मागितले, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार मागितला. ग्राहक सेवेच्या फोनवर दर वेळी नवा आवाज येई आणि दर वेळी मला केशरापासून सुरुवात करावी लागे. एकाने तर सहानुभूतीने विचारले, ‘सर, पण तुम्ही एवढे केशर घेतलेच कशाला?’

काही गोष्टी विस्कळीतपणे सुचतात तशा लिहितो. ‘कोलोरांते’ असे छापलेली पुडी केशराची नसते, तो पाएया या स्पॅनिश भातात घालायचा खाण्याचा रंग असतो; तो स्वस्त आणि कायदेशीर आहे, पण केशर म्हणून आणू नका. केशर पूड स्वरूपात कधीही घेऊ नका. विक्रेत्याने नमुना ज्या भांड्यातून दाखवला, त्याच भांड्यातून तुमच्यासमोर वजन करून घ्या. नाही म्हणाला तर चालू लागा. टेबलाचा आणि माणसाचा फोटो पैसे देण्यापूर्वी काढा, नंतर तो मिळत नाही.

बँकेच्या शेवटच्या पत्रात १५,८७६ रुपयांचा विषय बंद केल्याचे लिहिले आहे आणि शुल्काचे १८७ रुपये ३४ पैसे ‘नियमाप्रमाणे’ परत देता येत नाहीत असेही. बँकेचे उत्तर समाधानकारक नसेल तर, किंवा तीस दिवसांत उत्तरच आले नाही तर, एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क तक्रार करता येते. मी ती केली आहे, आणि तीत निदान ते १८७ रुपये ३४ पैसे आधी मागितले आहेत, कारण माझ्या फसवणुकीवर माझ्याच बँकेने शुल्क घ्यावे हे मला कोणत्याही नियमाने पटत नाही.