बेड गार्ड घेण्याआधी पलंगाची कड बघा

मूल क्रिबच्या, म्हणजे बाळाच्या कठड्याच्या पलंगाच्या, कठड्यावरून पाय टाकायला लागलं की बहुतेक घरांतून पहिली ऑर्डर जाते ती बेड गार्डची, म्हणजे मूल मोठ्यांच्या पलंगावरून झोपेत पडू नये म्हणून कडेला लावायच्या आडोशाची. नळ्यांची चौकट, त्यावर ताणून बसवलेली जाळी, गादीखाली सरकवायचे दोन-तीन पाय आणि पलीकडच्या कडेपर्यंत जाणारा एक पट्टा, एवढाच कारभार. एका बाजूच्या गार्डला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात. वस्तू उपयोगाची आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच पलंगांवर ती नीट बसतच नाही. खोक्यावर लांबी ठळक छापलेली असते आणि खाली 'सर्व पलंगांसाठी' असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबू नका. सगळं अवलंबून असतं ते गादी आणि गार्ड यांच्यामधल्या फटीवर.

फट धोक्याची का, ते आधी समजून घ्या. झोपेत मूल लोळत कडेला येतं. त्याच्या वजनाने गादीची कड दबते, गार्ड किंचित बाहेर ढकलला जातो आणि अंग त्या खाचेत उतरतं. छाती किंवा मान अडकली तर श्वास कोंडतो आणि मुलाला ओरडताही येत नाही. पलंगावरून पडून टेंगूळ येण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे. म्हणूनच अमेरिकेत असे गार्ड २ ते ५ वर्षांच्या, मोठ्यांच्या पलंगावर आपलं आपण चढ-उतार करणाऱ्या मुलांसाठीच मानले जातात. ब्रिटनच्या बीएस ७९७२ या मानकात वय दीड ते पाच वर्षं आहे. आमचं मत स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत घेऊ नका, आणि तान्ह्या बाळाला मोठ्यांच्या पलंगावर निजवण्यासाठी तर मुळीच नको.

क्रिब सोडायची वेळ वयापेक्षा उंचीवर ठरते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा ठोकताळा असा: मूल ३५ इंच, म्हणजे ८९ सेंटिमीटर झालं, किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीच्या खाली येऊ लागला, की क्रिब पुरे. त्याआधीच चढाचढी सुरू झाली असेल तर गादी सगळ्यात खालच्या पातळीवर आणा आणि पाय ठेवायला उपयोगी पडतील अशी मोठी खेळणी, उशा बाहेर काढा. बऱ्याचदा त्यात आणखी काही महिने निघतात.

आता पलंग. ज्याच्या फळीला कड नाही, गादी वर मोकळी ठेवलेली आहे, त्यावर गार्ड उत्तम बसतो. पाय गादीखाली जातात, उभी चौकट गादीच्या बाजूला चिकटते, पट्टा आवळला की काम झालं. पण आपल्याकडे स्टोरेजचा बॉक्स बेड घरोघरी असतो आणि त्याला गादी सरकू नये म्हणून दोन-तीन इंच उंच कड असते. इथे पंचाईत होते. गार्डची उभी नळी गादी आणि कड यांच्यामध्ये घुसवावी तर गादी पलीकडे सरकते किंवा फुगून वर येते. कडेच्या बाहेरून घ्यावी तर मध्ये तेवढ्या रुंदीची खाच राहते. काही जण नळी कडेवर टेकवून पट्टा आवळतात. मग गार्ड बाहेरच्या बाजूला झुकतो आणि मुलाच्या गुडघ्याच्या एका रेट्याने आणखी झुकतो. कड असलेल्या पलंगासाठी वेगळी बैठक देणारी मॉडेल मिळतात, पण ती किती इंच उंचीची कड पेलतात ते वर्णनात आकड्यात दिलेलं असेल तरच घ्या.

हायड्रॉलिक बेडला आणखी एक अडचण. गार्डचे पाय उचलत्या फळीवर असतात, त्यामुळे आतली पांघरुणं काढायला फळी उचलली की गार्ड हलतो, आणि खाली ठेवल्यावर तो पूर्वीच्याच जागी बसला आहे असं सगळे धरून चालतात. फळी उचलली की पट्टा पुन्हा तपासायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बाजूने खण उघडणाऱ्या बेडवर खाली झुकणारा गार्ड झुकवला की खणाच्या तोंडावरच येतो.

गादीचाही विचार करा. काथ्याची किंवा घट्ट फोमची, चौकोनी कडेची गादी सगळ्यात चांगली. कापसाची गादी आरोग्याला कितीही छान असली तरी तिची कड गोल असते. खाली चौकट टेकलेली दिसते आणि वर बोटं जातील अशी घळ राहते. शिवाय ती बसत जाते, म्हणजे आज घट्ट आवळलेला पट्टा महिन्याभराने सैल. खूप मऊ फोमची कड मुलाच्या वजनानेही दबते. या दोन्ही गाद्यांवर गार्ड लावू नये.

उंचीचा हिशेब खरेदीआधी करा. गार्डची उंची मोजली जाते ती फळीपासून, गादीच्या वरच्या पृष्ठभागापासून नाही. ४२ सेंटिमीटरचा गार्ड ६ इंची गादीवर २७ सेंटिमीटर उरतो, ८ इंचीवर जेमतेम २२. वर जाड टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा मऊ थर, घातलात तर आणखी कमी. झोपेत लोळणाऱ्याला २२ पुरतात, उठून बसणाऱ्याला नाही.

प्रकार मुख्य दोन. एक, बिजागरीवर खाली झुकणारा, साडेचार-पाच फुटी. दुसरा, दोन खांबांवर वर-खाली सरकणारा, सहा-साडेसहा फुटी, ७० सेंटिमीटर आणि त्याहून उंच. हा दुसरा तिन्ही-चारही बाजूंना लावून पलंग पूर्ण बंद करण्याची पद्धत सध्या फार दिसते. क्रिबमधून बाहेर पडायला शिकलेल्या मुलासाठी आम्ही तिच्या विरोधात आहोत. ज्याला कठडा ओलांडता येतो ते मूल हाही ओलांडणार, आणि इथे पडायची उंची क्रिबपेक्षा जास्त: पलंग दीड फूट, वर गार्ड. खाली झुकणारा, साडेचार फुटी गार्ड एका बाजूला लावावा आणि पायाकडे उतरायला मोकळी जागा ठेवावी. मुलाला पाठमोरं होऊन, पोटावर घसरत, पाय आधी टेकवून उतरायला दिवसा शिकवा. गार्डचं टोक आणि पलंगाचा डोक्याकडचा किंवा पायाकडचा फळा यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं. त्याहून अरुंद फटीत डोकं अडकू शकतं.

जोडणीला पाऊण तास धरा. नळ्या एकमेकींत घातल्यावर स्प्रिंगचं बटण भोकातून पूर्ण बाहेर आलं पाहिजे. अर्धवट बसलेलं बटण हे गार्ड निखळण्याचं नेहमीचं कारण. आधी कापड चढवून त्याची चेन लावा, मग पाय जोडा; चेन नंतर लावली की जाळीला झोळ येतो. गादी उचलून पाय फळीवर आडवे, सपाट ठेवा. पट्टा गादीखालून पलीकडे नेऊन त्याचं टोक तिकडच्या कडेला अडकवा आणि गार्ड गादीत किंचित रुतेल इतका आवळा. मग परीक्षा. गादीच्या कडेवर दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार देऊन दाबा आणि दुसऱ्या माणसाला गार्ड बाहेर ओढायला सांगा. दाब असताना फट दिसली तर पुन्हा आवळा. तरीही दिसली तर त्या पलंगावर तो गार्ड वापरू नका आणि परत करा. परतीची मुदत संपायच्या आत ही परीक्षा करा. फटीत टॉवेलची गुंडाळी किंवा लोड कोंबणं हा उपाय नाही. तो रात्री निघतो, आणि त्यावर पाय देऊन मूल वर चढतं.

कापड धुता येतं, हे या वस्तूचं मोठं सुख. मात्र पावसाळ्यात जाड किनार वाळायला दीड-दोन दिवस जातात आणि तेवढ्या रात्री गार्डशिवाय काढाव्या लागतात, म्हणून धुणं उन्हाच्या दिवसांत उरका. कोकणात, मुंबईत नळ्यांच्या कापलेल्या टोकांना आतून गंज धरतो. कापड काढलंत की तिथे नजर टाका. मच्छरदाणी पलंगावरूनच सोडत असाल तर ती गार्डच्या बाहेरून घेऊन गादीखाली खोचा. आतून घेतली की फटीकडे लक्षच जात नाही.

बॉक्स बेड आहे, कड आहे, गादी कापसाची आहे, तर गार्डवर पैसे घालू नका. क्रिबचीच २४ बाय ४८ इंची गादी जमिनीवर घाला. वास ओळखीचा, गादी ओळखीची, पडण्याची उंची चार इंच. दुपारच्या झोपेपासून सुरुवात करा, रात्र नंतर. भिंतीला अर्धवट चिकटवू नका. एक तर अगदी टेकवा, नाही तर फूटभर लांब ठेवा. रोज सकाळी गादी उभी करून वाळवा, नाही तर खालून बुरशी धरते. आणि खोली मुलाच्या उंचीवरून बघा: खालच्या सॉकेटमधलं डासांचं मशिन आणि त्याची बाटली, पडद्यांच्या दोऱ्या, भिंतीला न ठोकलेलं कपाट, बाल्कनीच्या दाराची खालची कडी.

सुताराकडून कठडा करून घेणार असाल तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगा, आणि तो पलंगाच्या चौकटीला आरपार बोल्टने बसवायला लावा. पार्टिकल बोर्डमधले स्क्रू मुलाच्या रेट्याने काही महिन्यांत सैल होतात.

जुना गार्ड ओळखीतून मिळत असेल तर आधी पट्टा आणि त्याचं अडकवायचं टोक आहे का ते विचारा. घर बदलताना नेमका हाच भाग हरवतो. पट्टा नसेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.