आईच्या खुर्चीवर बेतून घेतलेला मोबाईल होल्डर: वागळे इस्टेटमधील एका कार्यशाळेविषयी

ठाण्यात वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात थ्रीडी प्रिंटिंगची, म्हणजे प्लास्टिकचे थरावर थर देऊन वस्तू छापण्याची, छोटी कार्यशाळा चालते. यंत्रांचे सुटे भाग, इमारतींच्या प्रतिकृती, तुटलेल्या मिक्सरची बटणे अशी नाना प्रकारची कामे तेथे होतात, आणि मागणी असल्यास एखाद्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे मोबाईलचा होल्डरही आखून दिला जातो. आम्ही आईसाठी असा होल्डर करून घेतला. तो गेल्या गणपतीपासून रोजच्या वापरात असल्यामुळे त्याविषयी आता विश्वासाने लिहिता येईल. वस्तू चांगली आहे, ती आखण्यापूर्वी झालेली विचारपूस त्याहून चांगली होती, आणि दिलेली वेळ पाळण्याच्या बाबतीत मात्र कार्यशाळेची बाजू लंगडी आहे.

आईच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी, मनगटालगतच्या सांध्यात झीज झाली आहे. उतारवयातील स्त्रियांमध्ये ही तक्रार पुष्कळ आढळते आणि तिचा खरा त्रास होतो तो चिमटीने करायच्या कामांत, कारण चिमटीच्या टोकाशी लावलेला जोर अंगठ्याच्या मुळाशी कित्येक पटींनी वाढून पोहोचतो. बाटलीचे झाकण, किल्ली, कपडे वाळत घालण्याचे चिमटे ही सर्व दुखणी घरात ओळखीची होती. परंतु कव्हरसह सव्वादोनशे ग्रॅम भरणारा फोन अर्धा तास हातात धरणे हे त्या सर्वांहून जड काम आहे, हे आई संध्याकाळचे कीर्तन अर्ध्यावर सोडून फोन मांडीवर ठेवू लागली तेव्हा आमच्या ध्यानात आले. मांडीवर ठेवलेल्या फोनकडे पाहताना मान वाकते, आणि मग मानेचे दुखणे वेगळेच सुरू होते.

बाजारात तयार होल्डरची वाण नाही. गोखले रोडवरील कोणत्याही मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात तीनशे ते सहाशे रुपयांत लवचीक मानेचे स्टँड मिळतात, आणि तरुण माणसाला ते पुरेसेही असतात. आईच्या बाबतीत त्यांत दोन अडचणी होत्या. पहिली अशी की लांब लवचीक दांडीच्या टोकाला फोन लावला की पडद्यावर बोट टेकवताच सारे डोलू लागते, कारण आधारापासून अंतर वाढेल तसा त्याच वजनाचा दांडीच्या मुळावरील भार वाढत जातो. पाहण्यापुरते ते चालते, पण टाइप करताना किंवा कॉल उचलताना वैताग येतो. दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. जवळजवळ सर्वच तयार होल्डरमध्ये फोन धरून ठेवणारा जबडा स्प्रिंगचा असतो, आणि तो उघडण्यासाठी नेमका अंगठ्याचाच जोर लागतो. ज्या हालचालीपासून सुटका हवी, तीच हालचाल फोन ठेवताना एकदा आणि काढताना पुन्हा एकदा करावी लागत असेल, तर ‘हँड्स-फ्री’ हे खोक्यावरील अक्षर कोणाच्या हातांसाठी छापले आहे, असा प्रश्न पडतो.

कार्यशाळेतील तरुणाने हे ऐकून घेतल्यावर फोनचे मॉडेल विचारले नाही. काकू कोठे बसतात, ते विचारले. नौपाड्यात घरी येऊन त्याने आईला तिच्या नेहमीच्या सागवानी खुर्चीत बसवले, खुर्चीच्या हाताची रुंदी आणि जाडी मोजली, त्याची खालची बाजू गोलसर असल्याचे टिपून घेतले आणि मग तिला तिचा चष्मा लावायला सांगितला. चष्म्याचा होल्डरशी काय संबंध, हे मला प्रथम उमगले नव्हते. आईचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे. अशा चष्म्यात जवळचे दिसण्याचा भाग खालच्या बाजूस असतो, त्यामुळे फोन डोळ्यांच्या रेषेत आणून ठेवला तर अक्षरे वाचण्यासाठी हनुवटी वर करून पाहावे लागते. पडदा डोळ्यांपासून साधारण 40 सेंटिमीटरवर, छातीच्या वरच्या भागासमोर आणि थोडा मागे कललेला असावा, असे त्याने ठरवले. टीव्हीसारखा समोर, डोळ्यांच्या उंचीवर फोन लावून देणारे सर्व हौशी नातेवाईक (त्यांत आमचे घरही आले असते) या ठिकाणी फसतात.

त्याचा पुढचा प्रश्न होता, घरात कोणाला पेसमेकर आहे का. बाबांना आहे. हल्ली चुंबकाने चिकटणारे होल्डर फार चालतात आणि आईच्या हातांना तो सर्वांत सोपा उपाय ठरला असता, कारण फोन नुसता टेकवायचा आणि ओढून काढायचा. परंतु शक्तिशाली चुंबक अगदी जवळ आल्यास पेसमेकरचे नेहमीचे काम तात्पुरते बदलू शकते, म्हणूनच चुंबक असलेले फोन आणि उपकरणे शरीरातील अशा यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावीत, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2021 मध्ये दिला होता. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याची मावशी आली की बाबा आईच्या खांद्यावरून वाकून फोनसमोर येतात, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला 15 सेंटिमीटरचा भरवसा वाटणार नाही. चुंबकाचा पर्याय तेथेच बाद झाला.

मग जो नमुना तयार झाला त्यात स्प्रिंग नाही, चुंबक नाही आणि फिरवायची गोल खुंटीही नाही. वरून रुंद तोंड असलेला, खाली निमुळता होत जाणारा उघडा कप्पा आहे. फोन दोन्ही तळव्यांत धरून वरून सोडला की स्वतःच्या वजनाने जागेवर बसतो. कप्पा मागे कललेला असल्याने तो पुढे पडत नाही. उंची बदलण्यासाठी बोटभर लांबीची पट्टीसारखी मूठ दिली आहे, ती मनगटाच्या कडेने ढकलूनही सैल होते. खालच्या बाजूस चार्जिंगची पिन आणि स्पीकर यांसाठी खाच ठेवली आहे. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण तयार होल्डरमध्ये फोनचा तळ झाकला जाऊन आवाज दबतो, आणि ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तो फरक चांगलाच जाणवतो.

प्रत्यक्ष छपाईआधी याच आकाराचा पुठ्ठ्याचा नमुना खुर्चीला बांधून आईला तासभर वापरायला दिला गेला. माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाचा टप्पा हाच होय. संगणकावरील चित्रात दांडी खुर्चीच्या उजव्या हातावर होती. आई उठताना उजव्या हातावरच भार देते, हे पुठ्ठा मोडल्यावर कळले, आणि दांडी डावीकडे गेली.

साहित्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वस्तातील कामे याच ठिकाणी घसरतात. थ्रीडी छपाईत सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक छापायला सोपे असते, पण साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. बंद मोटारीत किंवा उन्हात तापणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली वस्तू त्यामुळे हळूहळू वाकते. आमची खुर्ची पश्चिमेच्या खिडकीपाशी आहे, म्हणून पीईटीजी हे दुसरे प्लास्टिक सुचवण्यात आले, जे सुमारे 80 अंशांपर्यंत तग धरते. शिवाय छापील वस्तू थरावर थर देऊन बनलेली असते आणि दोन थरांमधील सांध्यातच ती प्रथम तुटते. उभी छापलेली दांडी टोकाशी वजन आले की काटकोनात मोडते. कार्यशाळेने मुख्य दांडी प्लास्टिकची न करता ॲल्युमिनियमच्या नळीची केली आणि फक्त सांधे, पकड आणि कप्पा छापले. सांध्यांचे तुकडे आडवे ठेवून छापल्यामुळे थर भाराच्या दिशेला सोयीचे आले. लाकडाचे पॉलिश खरवडू नये म्हणून पकडीच्या आतून रबरासारख्या मऊ टीपीयूचे अस्तर आहे, आणि ते खुर्चीच्या हाताच्या गोलाईशी जुळवलेले असल्याने पकड घसरत नाही. पडद्यावर बोट टेकवले की फोन किंचित हलतो आणि लगेच स्थिरावतो. याहून अधिक स्थिरता हवी असेल तर भिंतीलाच दांडी ठोकावी लागेल.

नावाची हौस अर्थातच होती. भेटवस्तूवर नाव हवेच, असा बहिणीचा आग्रह होता, पण कार्यशाळेने पाठवलेल्या पहिल्या चित्रात आईच्या नावातील रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता आणि वेलांटी अक्षरापासून सुटली होती. आखणीच्या अनेक सॉफ्टवेअरना देवनागरी जोडणी नीट जमत नाही. मजकूर आधी चित्ररूपात बदलून मग आत घ्यावा लागतो, आणि मराठी गिऱ्हाइकांच्या गावात व्यवसाय करणाऱ्याला हे माहीत असायला हवे. शिवाय छपाईयंत्राचे वितळलेले प्लास्टिक सोडणारे तोंड बहुधा 0.4 मिलिमीटरचे असते, त्यामुळे बारीक, नाजूक वळणांची अक्षरे काढली तर त्यांचे कोपरे भरून जातात. ठसठशीत, जाड अक्षरेच चांगली उमटतात. दुरुस्त चित्र आले तेव्हा आईने ते पाहून म्हटले, “अरे, माझ्या खुर्चीवर माझं नाव कशाला? दुसरं कोण बसतं तिथं?” नावाऐवजी तिने गोपद्मे मागितली. दर चातुर्मासात ती देवापाशी काढते तशीच ती कप्प्याच्या पाठीवर उठावात आली आहेत, आणि ती खोलगट कोरलेली नसल्यामुळे त्यांत धूळही साठत नाही.

आता उणिवा. आषाढात दिलेले काम गणपतीच्या तोंडावर हाती आले, कारण मखरे आणि सजावटीच्या मागण्यांपुढे आमचा होल्डर मागे पडला. फोन उचलला जात नसे आणि व्हॉट्सॲपवरील उत्तर रात्री उशिरा येई. उशीर होणार हे आधी सांगितले असते तर तक्रार नव्हती. कप्प्याच्या कडा मिळाल्या तेव्हा खरखरीत होत्या आणि बाबांनी त्या पॉलिश पेपरने घासल्या. ज्या वस्तूचा सारा उद्देशच दुखऱ्या हातांना सांभाळण्याचा आहे, तिच्या कडांवर शेवटचा हात फिरवण्याचे काम गिऱ्हाइकाकडे सोडणे मला पटले नाही. तिसरी उणीव अद्याप शिल्लक आहे. कप्पा उभ्याचा आडवा करता येतो खरा, पण तो सांधा घट्ट आहे आणि फिरवायला कोणाची तरी मदत लागते. कीर्तन आडव्या पडद्यावर आणि मावशीचा कॉल उभ्या पडद्यावर, अशी आईची सवय असल्याने हे रोजच घडते. सांधा सैल केला तर फोनच्या वजनाने कप्पा फिरतो. त्याला दोन ठिकाणी अडणारी खाच हवी होती, आणि तशी ती करून देण्याचे आश्वासन मिळाले आहे.

आखणीचे 900 रुपये आणि वस्तूचे 1,750, असे मिळून 2,650 रुपये झाले. आखणीचे पैसे काम पुढे न्यायचे नसले तरी परत मिळत नाहीत, परंतु घरी येऊन घेतलेली मापे आणि पुठ्ठ्याचा नमुना पाहता मला ते वाजवी वाटले. ज्याला केवळ रंगीत, नाव कोरलेला स्टँड भेट द्यायचा आहे त्याने एवढा खर्च करू नये. हातांचे दुखणे, कंपवात, पक्षाघातानंतरचा अशक्तपणा किंवा चाकाची खुर्ची असे काही कारण असेल, तर मात्र तयार वस्तूंवर दोन-तीनदा पैसे घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

जाणाऱ्यांनी फोन त्याच्या नेहमीच्या कव्हरसह न्यावा, कारण कव्हर बदलले की कप्प्याचे माप चुकते. फोनच बदलला तर पूर्ण होल्डर टाकावा लागत नाही. वरचा कप्पा दोन स्क्रूंवर बसवलेला आहे आणि नवा 400 रुपयांत मिळतो, मात्र ही गोष्ट विचारल्याशिवाय सांगितली जात नाही. पावतीवर कप्प्याच्या आराखड्याचा क्रमांक लिहून घ्यावा. गाळा शुक्रवारी बंद असतो, आणि गणपती किंवा दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तेथे काम देऊ नये.