कापसाच्या भावाची बातमी: दोन जाळ्यांची तुलना

कापसाचा भाव गावभर कसा पसरतो, हे आलेख सिद्धांताने, म्हणजे बिंदू आणि दुव्यांच्या गणिताने, मांडायचे तर प्रत्येक शेतकरी हा बिंदू आणि प्रत्येक बोलचाल हा दुवा ठरतो. जाळ्याचे प्रतिमान (मॉडेल) मात्र निवडावे लागते.

गणितज्ञ पॉल एर्डिश आणि आल्फ्रेड रेन्यी यांनी १९५९-६० मध्ये अभ्यासलेल्या यदृच्छ जाळ्यात कोणतेही दोन बिंदू सारख्याच संभाव्यतेने जोडले जातात. दुव्यांची सरासरी माणशी एकाच्या खाली असेपर्यंत त्यात विखुरलेले लहान गटच राहतात आणि ती एक ओलांडताच, कोणी हुकूम न देता, एक प्रचंड सलग गट उभा राहतो.

भौतिकशास्त्रज्ञ बाराबाशी आणि अल्बर्ट यांच्या १९९९ च्या प्रतिमानात जाळे वाढत जाते आणि नवा बिंदू आधीच जास्त दुवे असलेल्याकडे अधिक ओढला जातो. यवतमाळकडच्या खेड्यात हे डोळ्यांना दिसते. जिनिंगवरून परतलेला गाडीवान पानठेल्यावर थांबतो, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईस्तोवर भाव सांगतो, आणि तिथे भाव कळतो म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी दोघे तिथेच येतात. असे जाळे चारदोन माणसे गावाला गेल्याने तुटत नाही, पण ठेलाच बंद राहिला तर बातमी अडते.

स्वयंसंघटन, म्हणजे कोणी हुकूम न देता रचना आपोआप उभी राहणे, समजण्यासाठी मला दुसरे प्रतिमान सरस वाटते. तरी मूळ स्वरूपात दोन्हींत एकदा जुळलेला दुवा मोडत नाही. खोटा भाव कळलेला शेतकरी मात्र ठेला बदलतो, आणि अनुकूलन म्हणतात ते हेच.