टाइपस्क्रिप्टचं स्ट्रिक्ट आता बाय डिफॉल्ट, कटकट आहे पण राहू दे

टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइप तपासून घेणारं जावास्क्रिप्ट, त्याच्या ६.० मध्ये स्ट्रिक्ट, म्हणजे कडक तपासणी, न सांगता चालू येतं आणि माझ्या मते हे फार आधीच करायला हवं होतं. हा फ्लॅग, म्हणजे सेटिंग, तसा २०१७ चा, २.३ पासूनचा. इनिट कमांड मारून नवीन कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, बनवली तर त्यात तो लिहूनच यायचा, पण कोणी जुन्या प्रोजेक्टची कॉन्फिग उचलून आणली की संपलं, आणि हिंजवडीत कॉपी मारलेल्या कॉन्फिगवर किती प्रोजेक्ट चाललेत ते विचारूच नका, ती फाइल परत उघडतंय कोण.

फरक कुठे पडतो बघा. ग्राहकांच्या यादीत फाइंड मारून एक ग्राहक शोधला आणि तो सापडला का ते न बघता लगेच डॉट लावून पत्ता मागितला. स्ट्रिक्ट बंद असेल तर चेकर म्हणतो चालतंय की, आणि मग कोथरूडच्या एखाद्या काकूंचं खातं डिलीट झालेलं असतं, कोणीतरी त्यांची जुनी ऑर्डर उघडतं आणि स्क्रीन पांढरी. चालू असेल तर लिहितानाच लाल रेघ, ऑब्जेक्ट इज पॉसिबली अनडिफाइन्ड, म्हणजे इथे कदाचित काहीच नसेल. हे त्यातल्या स्ट्रिक्टनलचेक्सचं काम, २०१६ ला २.० मध्ये आलेलं, आणि बाकी काही नसतं तरी एवढ्यावर मी स्ट्रिक्ट ठेवलं असतं. कॅचमध्ये पकडलेला एरर ४.४ पासून अननोन, म्हणजे टाइप माहीत नाही असा, येतो त्याचा मात्र वैताग आहे, तो कुठल्या प्रकारचा ते तपासायला जिथे तिथे इन्स्टन्सऑफ लिहीत बसा.

जुन्या कोडवर एकदम चालू करू नका. आमच्याकडे केलं तर एररची यादी संपेचना, मग सगळ्यांनी काय केलं तर दिसेल तिथे उद्गारचिन्ह ठोकलं (चेकरला सांगायचं, व्हॅल्यू आहेच, तू गप्प बस), म्हणजे हेल्मेट आहे पण कोपरात अडकवलेलं. त्यापेक्षा कॉन्फिगमध्ये सरळ स्ट्रिक्ट फॉल्स लिहा, अपग्रेड करा आणि मग एकेक फ्लॅग चालू करत जा. जिथे तात्पुरतं गप्प बसवायचंच असेल तिथे पुढच्या ओळीचा एरर झाकणारी टीएस-इग्नोर कमेंट नको, टीएस-एक्स्पेक्ट-एरर टाका, मूळ चूक दुरुस्त झाली की ते स्वतःच बोंबलतं, काढा म्हणून.

खरी तक्रार वेगळीच आहे. नाव स्ट्रिक्ट, पण रिकाम्या अ‍ॅरेचा शून्यावा आयटम मागा, तो आहेच असं धरून चालतं! त्यासाठी नोअनचेक्डइंडेक्स्डअ‍ॅक्सेस हा फ्लॅग वेगळा लावावा लागतो, ४.१ पासून आहे पण स्ट्रिक्टच्या आत अजून घेतलेला नाही. एक स्टार तिथे कापला, चार देतो.

पायथनवाल्यांनी हसू नये. मायपाय, म्हणजे पायथनचा टाइप चेकर, नुसतं चालवलं तर ज्या फंक्शनला टाइप लिहिलेलेच नाहीत त्याच्या आत ते बघतच नाही, आणि खाली सक्सेसचा हिरवा मेसेज बघून आमची डेटा टीम खुशाल चहाला जाते. तिथे स्ट्रिक्ट अजून आपल्यालाच लिहावं लागतं.