चक्रीवादळानंतर चर्चने केलेली मदत : रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार

हॉटेल, होमस्टे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, हा जरा वेगळा आहे. मे महिना संपत आला आणि अरबी समुद्रात काहीतरी फिरायला लागलं की आमच्याकडचे मुंबईचे चाकरमानी फोन करून विचारतात की उद्या काही झालंच तर पैसे कुठे पाठवायचे, कोण नीट वाटप करतं, आणि गावातल्या बायका विचारतात की चर्चमध्ये आपल्याला पण देतात का फक्त त्यांच्या लोकांनाच. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते. अनुभव आहे निसर्ग वादळाचा, ३ जून २०२० चा, आणि थोडा नंतरच्या मे मधल्या तौक्तेचा. गाव अलिबाग आणि श्रीवर्धनच्या मध्ये कुठेतरी आहे एवढं पुरे. आम्ही ख्रिश्चन नाही, आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, होती म्हणा.

आधी बायकांच्या प्रश्नाचं उत्तर. देतात, सगळ्यांना देतात. जात, धर्म, कुठल्या पार्टीचे, काही विचारत नाहीत. दुपारी १२ ला घंटा होते तेव्हा वाटप थांबतं, ते लोक उभ्या उभ्या प्रार्थना म्हणतात, मिनिटभर, आपण गप्प उभं राहायचं आणि मग परत सुरू. 'धर्म बदलायला लावतात' वाली कुजबुज आमच्याकडे पण झाली, आणि जे कुजबुजत होते तेच लाइनीत दुसऱ्यांदा लागलेले मी बघितलेत, असो.

ज्यांनी तो दिवस बघितला नाही त्यांना सांगते, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, दुपारी किनाऱ्यावर आलं आणि संध्याकाळपर्यंत कौलं, पत्रे, पोल, आंबा, फणस सगळं जमिनीवर. लाइट कित्येक आठवडे नाही, मोबाइलला रेंज नाही, वर लॉकडाऊन, आणि डोक्यावर पाऊस, आमच्या रायगडात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो तो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मदतीच्या गाड्या यायला लागल्या, पण सगळ्या मेन रोडवरच. रोडला लागून ज्यांची घरं त्यांच्याकडे तांदळाची थप्पी लागली आणि आत पाखाडीवरच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरच्या लोकांना कळलंच नाही गाडी आली कधी नि गेली कधी.

आता चर्चचं वेगळं काय होतं तर त्यांची वही. खरंच सांगते, तांदूळ, डाळ, ताडपत्री सगळेच देत होते, वही कोणाकडे नव्हती. त्यांच्यात विन्सेंट डी पॉलची सोसायटी असते, त्यातली माणसं एरवीपण गरीब, आजारी, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी फेरी मारतात, त्यामुळे कोण कुठे अंथरुणाला खिळलंय, कोणाला कुठल्या गोळ्या लागतात हे त्यांना आधीच माहीत. मार्चपासून देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद, मास म्हणजे त्यांची चर्चमधली प्रार्थना नाही, लग्न नाही, हॉल मोकळा पडलेला. तिथे टेबल टाकून त्यांनी तीच यादी वाढवत अख्ख्या गावाची केली. एका घराला एक पान. माणसं किती, लहान मूल आहे का, बीपी-शुगरची औषधं किती दिवस पुरतील, छप्पर कौलाचं का पत्र्याचं आणि उडालं किती, चूल पेटते का, विहिरीत झाड पडलंय का, तलाठी पंचनामा करून गेला का नाही. आमच्याकडे एक आंटी आल्या होत्या रेनकोट घालून, गुडघ्यापर्यंत चिखल, त्यांनी सासूबाईंना पहिला प्रश्न विचारला, "आज रात्री झोपणार कुठे तुम्ही?" सासूबाई इतका वेळ मोडलेल्या सुपारीबद्दलच बोलत होत्या, त्या एकदम थांबल्या, कारण ते कोणी विचारलंच नव्हतं.

या वहीमुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे सगळ्यांना सरसकट तेच किट मिळालं नाही, ज्याची चूल भिजलेली त्याला शिजवलेली खिचडी हॉलमधून आणि ज्याची चूल चालू त्याला कोरडा शिधा. दुसरं, फादरनी त्या वहीची नक्कल ग्रामपंचायतीला दिली आणि मोहल्ल्यातल्या मशिदीच्या जमातवाल्यांना पण दिली, ते लोक आधीपासून जेवण बनवत होते, मग दोघांनी वाड्या वाटून घेतल्या. एकाच घरात तीन वेळा तेल आणि शेजारी शून्य हे आमच्याकडे त्यानंतर फार झालं नाही.

किटबद्दल : तांदूळ बरा होता, तूरडाळ चांगली, मीठ, साखर, चहा, तेल, मेणबत्त्या, काडेपेट्या, मच्छर अगरबत्ती, आणि सॅनिटरी पॅड न मागता. पॅड दुसऱ्या कोणीच दिले नव्हते आणि मागायला लाज वाटते, म्हणून त्याचे वेगळे मार्क. विहिरीसाठी क्लोरिन आणि कसं टाकायचं ते समजावून सांगितलं. मेणबत्त्या अजून दुप्पट चालल्या असत्या.

ताडपत्रीची पहिली लॉट एकदम बेकार. ती निळी पातळ, लग्नात आचाऱ्याच्या डोक्यावर बांधतात तसली, पहिल्याच जोराच्या सरीत कोपऱ्यातल्या रिंगा तुटून फडफडायला लागली. आमची तर वाऱ्याने नेलीच. ओरड केल्यावर दुसरी आली ती जाड, ४ बाय ६ मीटरची, कडेला दोरी शिवलेली, ती पुढे वर्षभर टिकली आणि आता लाकडांवर आहे. ताडपत्री देणाऱ्या सगळ्यांनाच सांगणं आहे की कोकणात देताय हे लक्षात ठेवा, स्वस्तातल्या दहा आणण्यापेक्षा चांगल्या चार आणा.

पण ताडपत्रीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ती बांधून दिली. नुसती हातात देऊन फोटो नाही. जूनमध्ये होड्या वर ओढलेल्या असतात त्यामुळे कोळीवाड्यातली पोरं घरीच होती, चर्चच्या तरुण पोरांनी त्यांना बरोबर घेतलं आणि छपरांची गँग केली. दोरीची गाठ आणि उंचावर पाय कसा ठेवायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको. वासे, रिपा, खिळे, बाइंडिंग वायर, जे हुक (पत्रा पकडायचे इंग्रजी J सारखे वाकडे हुक) असं सामान चर्चने आणलं, कारण बाजारात पत्र्याचे भाव असे चढवले होते की विचारू नका आणि जे हुक तर गायबच होते. झाडं कापायची पेट्रोलवाली मशीन त्यांच्याकडे एकच होती आणि तिला अख्ख्या पंचक्रोशीतून मागणी. माझा भाचा सांगत होता की अमेरिकेत सदर्न बाप्टिस्ट चर्चवाल्यांची वादळासाठी कायमची टीमच असते, पिवळे शर्ट घालून येतात, झाडं कापणारे वेगळे, जेवण बनवणारे वेगळे, आणि हे १९६७ च्या ब्यूला वादळापासून चालू आहे. आमच्याकडे पिवळा शर्ट वगैरे नव्हता पण काम तेच, फक्त मशीन अजून दोन हव्या होत्या.

आणि आता तो भाग ज्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कागदपत्रं. सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली होती, ऐकायला बरं वाटतं, पण आमच्याकडे हेक्टर कोणाकडे आहे हो? वाड्या गुंठ्यात. १० गुंठ्याला हिशेब करा, ५ हजाराच्या आसपास, तेवढ्यात पडलेली झाडं उचलायची मजुरी पण निघत नाही, आणि सुपारीचं नवीन झाड धरायला सहा-सात वर्षं. बरं ते ५ हजार तरी सरळ मिळावेत, तर सातबारा सामायिक. त्यावर पणजोबा, वारलेले दोन काका, लग्न होऊन गेलेली आत्या, डोंबिवलीतले चुलत भाऊ, सगळ्यांची नावं, आणि सगळ्यांचं संमतीपत्र पाहिजे, लॉकडाऊन चालू, फोनला रेंज नाही. इथे चर्चच्या सिस्टरनी हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल लावलं. आधार, पासबुक, सातबारा घेऊन या म्हणाल्या. संमतीपत्राचा मसुदा हाताने लिहून दिला, झाड उचलायच्या आधी फोटो काढून ठेवा हे ओरडून ओरडून सांगितलं, आणि एका पोराकडे नंबरांची चिठ्ठी देऊन त्याला रेंज मिळते तिथपर्यंत बाइकवर पाठवायच्या, तो तिथून मुंबईला फोन लावून निरोप द्यायचा की दादा सही करून पाठवा. आमच्या घरातला जो भाऊ वाटणीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हता त्याची सही अशी आली. तांदूळ पंधरा दिवसांत संपतो, या टेबलामुळे आमच्या आळीत कितीतरी लोकांचे पैसे खात्यात आले. मला विचाराल तर सगळ्या मदतीत हे टेबल एक नंबर.

आता एक स्टार का कापला ते. डोंगराच्या बाजूला कातकरी वाडी आहे, तिथे ही वही पोचायला फार उशीर झाला. सुरुवात किनाऱ्याकडून, ओळखीच्या घरांपासून केली, साहजिक आहे, पण तिकडे कुडाच्या भिंती, एकाही घरावर छप्पर नाही, आणि त्यांना खाली यायला ओढा पार करायचा. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं ते यादीत शेवटी. फादरना हे तोंडावर बोलले मी, त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. पण उशीर तो उशीरच.

बाकीच्या तक्रारी बारीक आहेत. लाइन भर उन्हाच्या वेळेला लावायचे, पाऊस उघडला की जो घाम येतो त्यात म्हाताऱ्यांना उभं करू नका, टोकन देऊन घरी पाठवा (नंतर तसं केलं). कोणत्या तरी कंपनीने सामान दिलं तेव्हा तिचा बॅनर धरून फोटो, सासूबाईंनी साफ नकार दिला, "मी काय बक्षीस घेत्येय?" त्यांना फोटोशिवाय किट दिलं हे चर्चचं चांगलं. जुन्या कपड्यांचा डोंगर मुंबईहून आला, त्यात जरीचे घागरे, थ्री पीस सूट, एका पायाचे बूट, ते निवडण्यात पोरींचे दिवस गेले. पुढच्या वर्षी सुपारीची रोपं वाटली, ती कल्पना छान पण नंतर कोणी बघायला फिरकलं नाही आणि बरीच मेली.

तौक्तेच्या वेळी, मे २०२१, फरक दिसला. तीच वही, पानं अपडेट केलेली, जाड ताडपत्र्या हॉलमध्ये आधीच आणून ठेवलेल्या, करोनाची दुसरी लाट म्हणून लाइन नाहीच, घरपोच. वादळ आमच्या समोरून वर गुजरातला गेलं, नुकसान निसर्गइतकं नव्हतं, पण ज्यांच्या आंब्याचा शेवटचा तोडा झाडावर होता त्यांचं काय झालं ते त्यांनाच माहीत, तिथे चर्च पण काही करू शकलं नाही.

पैसे देणाऱ्यांसाठी : डायोसीस म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग, आर्चडायोसीस म्हणजे आर्चबिशपचा. रायगडातली कॅथलिक चर्च मुंबईच्या आर्चडायोसीसमध्ये येतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गची २००५ पासून सिंधुदुर्ग डायोसीसमध्ये. प्रत्येकाची सामाजिक कामाची संस्था असते आणि वर देशपातळीवर कॅरिटास इंडिया, १९६२ पासूनची. मोठी रक्कम असेल तर तिथे द्या आणि पावती मागा, छोटी असेल तर सरळ पॅरिशला म्हणजे गावातल्या चर्चला, पण देताना छपरासाठी म्हणून सांगा, नाहीतर सगळ्याचं तांदूळ होतं. कपडे नकोत. जे हुक, वॉशर, नायलॉन दोरी, टॉर्च, पॅड, बीपीच्या गोळ्या हे चालेल. सामानाची गाडी पाठवणार असाल तर पहिली फेरी वरच्या कातकरी वाडीला न्या, आणि तो रस्ता मोठ्या टेम्पोला चढत नाही, छोटा हत्ती घेऊन या.