नॉन-टर्बो पेट्रोल गाडीला थंड हवेची फिटिंग: करावी की राहू द्यावी?

मार्च संपत आला की वॅगनआर, स्विफ्ट, टियागो अशा नॉन-टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बो नसलेल्या गाडीवाल्यांची तक्रार ठरलेली: एसी लावला की गाडी ओढत नाही. ॲक्सेसरीच्या दुकानात गेलं की उपायही ठरलेला. कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) टाका, पाइप बदला, इंजिनाला थंड हवा मिळेल, पिकअप वाढेल. यात तथ्य आहे, पण किती ते आधी पाहू.

गरम हवा विरळ असते, त्यामुळे सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. जानेवारीतल्या 10 अंशांच्या सकाळच्या तुलनेत मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी हवेची घनता 11 टक्क्यांनी कमी भरते. तीच गाडी थंडीत पळते नि उन्हाळ्यात रडते, ती यामुळेच. वरून कम्प्युटरला हवा फार गरम दिसली की नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी खटखट) टाळायला तो इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतो. त्यात आणखी थोडी ताकद जाते.

पण कोणतीही फिटिंग मे महिन्याचा जानेवारी करणार नाही. बाहेरची हवा आणि इंजिनात पोचणारी हवा, या दोन्हींच्या तापमानात जो फरक असेल तेवढाच तिला भरून काढता येतो. आणि बहुतेक गाड्यांत कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, मुळातच बोनेटच्या पुढच्या कडेने, ग्रिल किंवा हेडलाइटच्या मागून बाहेरची हवा घेतो. समजा, वाटेत ती पाच अंशांनी तापली आणि तुम्ही ते पाचही अंश वाचवले, तरी फायदा दीड टक्का. 80 हॉर्सपॉवरच्या इंजिनात सव्वा हॉर्सपॉवर, तीही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. एसीचा कंप्रेसर याहून जास्त खातो. ॲव्हरेजची आशा तर धरूच नका. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर इंजिनाला हवा कमी पडतच नाही. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, ती मुद्दाम अडवून धरतो.

आता पर्याय. सगळ्यात जास्त खपतो तो उघडा कोन फिल्टर, कारण तो स्वस्त आहे आणि आवाज करतो. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं, एवढीच त्याची जादू. बसतो तो बोनेटच्या आत. बाजाराच्या दिवशी गर्दीत गाडी रांगत असताना तिथली हवा 60-70 अंशांवर सहज जाते, आणि हा फिल्टर तीच ओढतो. म्हणजे थंड हवेसाठी पैसे मोजून गरम हवा घेतली.

त्यापेक्षा मोठा प्रश्न धुळीचा. आपल्या पांदण रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर असेल तर दोन मिनिटांत काच दिसेनाशी होते. तुरीच्या मळणीचा भुसा वेगळा, जिनिंगजवळ राहणाऱ्यांकडे कापसाचे तंतू वेगळे. कंपनीचा कागदी फिल्टर ही बारीक माती चांगली अडवतो. जास्त हवा सोडणारा जाळीचा फिल्टर बहुतेक वेळा मातीही जास्त सोडतो, आणि ती माती रिंगा नि सिलिंडर घासते. तेल लावायचा फिल्टर असेल तर तो वेळेवर धुऊन, मोजकंच तेल लावून बसवावा लागतो. तेल जास्त झालं की आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ते त्याच्या तारेवर चढतं. काहून बाप्पा एवढा उपद्व्याप?

बंद डब्याचा, पुढून पाइपने हवा घेणारा सेट त्यामानाने बरा. हायवेवर मोजण्याजोगा, तरी लहानच फायदा देतो. मात्र पाइपचं तोंड बंपरच्या खाली उतरवलेलं असेल तर तो आपल्या भागात घेऊच नये. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि त्या तोंडातून पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही. इंजिन उघडायचा खर्च निघतो, आणि बदललेली फिटिंग पाहून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

नॉन-टर्बोला इंटरकूलर? तो विषयच नाही. टर्बो हवा दाबतो, दाबल्याने ती शंभर अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणून तिथे ती थंड करायला इंटरकूलर, म्हणजे रेडिएटरसारखी जाळी, लागतो. तुमच्या गाडीत हवा दाबलीच जात नाही. आणि इंटरकूलर म्हणजे टेबल फॅन, वाळ्याचा कूलर नव्हे: बाहेर 45 असेल तर आतली हवा 45 च्या खाली तो आणू शकत नाही. उलट जाळीतून जाताना हवेचा दाब थोडा पडतो, तो तोटाच. पाण्याचा फवारा मारणारी किट आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खरोखर हवा थंड करेल, पण टाकी, पंप, नोझल सांभाळायचे कोणी? पाइपला चंदेरी टेप गुंडाळणं निरुपद्रवी आहे, एवढंच. 3000 आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर, 1.2 लिटरचं इंजिन सेकंदाला जवळपास 30 लिटर हवा ओढतं. पाइपमध्ये हवा तापायला थांबतेच कुठे.

तरी शंका असेल तर ओबीडी रीडर (गाडीच्या कम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर इनटेक तापमान, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघा. गाडी नुकतीच उन्हातून काढली असेल तर आकडा भयंकर दिसेल, तो धरू नका. मोकळ्या रस्त्यावर 70-80 ने दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि मग बाहेरच्या तापमानाशी ताडून पाहा. काही गाड्यांत सेन्सर मॅनिफोल्डवरच, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवरच, असतो, तिथे आकडा थोडा चढाच येतो. फरक थोडा असेल तर पाकीट खिशातच ठेवा. पंधरा-वीस अंश असेल तर बोनेट उघडा. बरेचदा हेडलाइटमागे जाणारी काळी प्लास्टिकची नळी सर्व्हिसिंगनंतर परत बसवलेली नसते, तुटलेली असते किंवा एअरबॉक्सची एखादी क्लिप सुटलेली असते. नळी जागेवर बसवली, नवा कागदी फिल्टर टाकला, एसी कंडेन्सर नि रेडिएटरच्या जाळीतला कचरा हलक्या पाण्याने काढला आणि टायरची हवा बरोबर केली, की महागड्या सेटने जेवढं दिलं असतं त्याहून जास्त हाती लागतं.

चिखलदऱ्याच्या घाटासाठी हा खटाटोप करायचा असेल तर तिथलं कारण वेगळं आहे. वर 1,100 मीटरच्या आसपास हवेचा दाबच कमी असतो, आणि थंड हवेचा पाइप दाब वाढवत नाही. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम चढे ठेवा आणि खड्या वळणांवर दोन मिनिटं एसी बंद करा.